चारशे वीस पानांचा आठवडा

पुस्तकाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं, हल्ली तर स्वयंपाकाच्या कार्यक्रमांचंही होतं. पुस्तकांच्या यादीचं परीक्षण मात्र कुणी केलेलं मी वाचलं नाही. खरं तर यादी हासुद्धा लिहिण्याचाच एक प्रकार आहे. ती कुणीतरी रचलेली असते. त्यात काय घ्यायचं, काय गाळायचं, कशाच्या शेजारी काय ठेवायचं याचा विचार झालेला असतो किंवा झालेला नसतो, आणि दोन्ही गोष्टी वाचणाऱ्याला कळतात. म्हणून या लेखात मी एका यादीकडे पुस्तकाकडे बघावं तसं बघणार आहे.

आमच्या बेळगावातल्या महिला मंडळात फेब्रुवारीत वाचन आठवडा असतो. २१ फेब्रुवारी हा जागतिक मातृभाषा दिन आणि २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. दोन्ही धरून बरोबर सात दिवस होतात. ज्या गावात एका जिन्यावर दोन मातृभाषा राहतात तिथे या आठवड्याची निवड कुणीतरी फार शहाणपणानं केलेली आहे. गेल्या वर्षी त्याला संकल्पाचं रूप आलं : सात दिवस, सात पुस्तकं. यादी छापून वाटली गेली. ती अशी : ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’, ‘पानिपत’, ‘श्यामची आई’, ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि ‘आहे मनोहर तरी’. चौथ्या दिवशी निम्म्या जणी गप्प झाल्या होत्या. सातव्या दिवशी व्यासपीठावर बोलायला तिघी उभ्या राहिल्या, त्यांतल्या दोघी निवृत्त शिक्षिका. यंदाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा नवीन नावं सुचवण्याआधी जुनी यादी नीट वाचावी असं मी ठरवलं.

पहिली नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे सातातली सहा पुस्तकं पुरुषांनी लिहिलेली आहेत. हे कुणी मुद्दाम केलं नसेल. पण बायकांनी, बायकांसाठी केलेल्या यादीत आपोआप जे घडतं ते मुद्दाम केलेल्यापेक्षा जास्त सांगून जातं. दुसरी गोष्ट, ही सगळी ‘वाचलीच पाहिजेत’ अशी पुस्तकं आहेत. पाहुणे आले की दर्शनी कपाटात दिसावीत अशी. यादी करणारीनं ‘या आठवड्यात आपल्या बायकांना काय वाचायला मिळालं तर बरं होईल’ असा प्रश्न विचारलेला नाही, ‘काय वाचलं म्हणून सांगितलं तर बरं दिसेल’ असा विचारलेला आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरं कधी कधी एकच येतात. सात वेळा येत नाहीत.

आता हिशेब. मी घड्याळ लावून बघितलं आहे. नेहमीच्या कादंबरीचं एक पान, मनात नीट उमटेल असं वाचायला मला दोन मिनिटं लागतात. कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. केलेल्या आणि रोज काहीतरी वाचणाऱ्या बाईची ही गती. आमच्या घरांत सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात, फेब्रुवारीत म्हणजे साडेसहाच्या आत. भांडी, ओटा, दुधाला विरजण हे सगळं धरलं तरी सातला हात मोकळे होतात. बाकीच्या घरांत ज्या वेळी कुकरच्या शिट्ट्या होत असतात त्या वेळी जैन बाई रिकामी असते. या दोन तासांचं आपण काय करतो हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मालिकावाल्यांचा माझ्यापेक्षा जास्त अभ्यास आहे. पण दोन तास आहेत, हे नक्की. दोन तासांत साठ पानं. सात दिवसांत चारशे वीस. आकडा तसा आला, हसू नका. सात पुस्तकं सरासरी तीनशे पानांची धरली, आणि ‘मृत्युंजय’ किंवा ‘पानिपत’ कुणी हातात घेतलं असेल तर तिला कळेल की मी किती कमी धरते आहे, तरी एकवीसशे पानं होतात, म्हणजे सत्तर तास. रोज दहा तास. इतकी सवड ज्या बाईला आहे तिला संकल्पाची गरज नाही, आणि जिला संकल्पाची गरज आहे तिला इतकी सवड नाही. मग चारसोबीस कुठला आकडा म्हणायचा?

यावर एक उत्तर मला हमखास मिळतं : ध्येय मोठं ठेवावं, निम्मं झालं तरी पुष्कळ. हे उत्तर मला आपल्याच घरातल्या भाषेत तपासून बघायचं आहे. पर्युषणात जी दहा उपवास करते तिचं कौतुक होतं, तिच्या पारण्याला नातेवाईक गोळा होतात, कुठे कुठे वाजतगाजत मिरवणूकही निघते. दहा दिवस एकाशन करून घरच्या सगळ्यांचं करणारी बाई त्या मिरवणुकीत मागे चालत असते. उपवास मोठाच आहे, त्याला मी नमस्कार करते. पण सोळाकारण भावनांमध्ये जिथे तपाचं नाव येतं तिथे नुसतं ‘तप’ म्हटलेलं नाही, ‘शक्तितस्तप’ म्हटलेलं आहे. त्यागाचंही तसंच, ‘शक्तितस्त्याग’. शक्तीप्रमाणे. हे दोन शब्द आपल्या बायका पूजेत वर्षानुवर्षं म्हणत आल्या आहेत, आणि शक्तीच्या अलीकडे थांबू नका, पलीकडे उडी मारू नका, अशी दोन्ही बाजूंनी त्यांत ताकीद आहे. निम्म्यावर मोडलेला नियम ‘निम्मा पाळला’ म्हणून आपण जमेला धरत नाही. यादीचंही तेच होतं. तिसऱ्या दिवशी मागे पडलेली बाई ‘मी दीड पुस्तक वाचलं’ असं म्हणत नाही. ती म्हणते, ‘माझ्याच्यानं होत नाही.’ आणि पुढच्या वर्षी येत नाही. जिचं सगळं शिक्षण कन्नड माध्यमात झालं, जी माहेरची मराठी फक्त बोलण्यात जपून आहे, तिच्यासाठी हा आठवडा म्हणजे वर्षभरातलं एकमेव मराठी वाचन असतं. तीच सगळ्यांत आधी गळते. यादीच्या वजनाला माझी खरी हरकत ही आहे.

पानांची गोष्ट इथे संपवते, कारण पानं मोजणं हे काही पुस्तक वाचणं नव्हे. जुन्या यादीतला मोठा दोष वेगळाच आहे. प्रत्येक पुस्तकाला स्वतःची चाल असते, आणि ही यादी सगळ्यांना एकाच चालीनं हाकते.

‘पण लक्षात कोण घेतो’ बघा. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः आली. त्या वेळच्या वाचकांना यमूची हकीकत आठवड्याला थोडी थोडी मिळत गेली. यमू वाढत होती तसे तिचे वाचकही वाढत होते म्हणा ना. तिच्या सासरचे ते लांबलचक दिवस, तीच ती बोलणी, तेच ते माजघर, हे सगळं एका दमात वाचलं तर पाल्हाळ वाटतं. मध्ये आठ दिवस गेले की तोच पाल्हाळ आयुष्यासारखा वाटायला लागतो. आपलंही माजघर रोज तेच असतं. जे पुस्तक आठवड्या-आठवड्यानं वाचलं जाण्यासाठी लिहिलं गेलं ते मंगळवार ते बुधवार संपवायचं, आणि वर ‘जरा लांबलंय’ असा शेरा मारायचा, हा अन्याय वाचणारीकडून होत नाही, यादीकडून होतो.

‘श्यामची आई’चं तर पुस्तकच आपल्याला सांगतं कसं वाचायचं ते. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी चार-पाच दिवसांत ते भराभर लिहिलं ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण प्रकरणांना त्यांनी नाव दिलं ‘रात्र’. बेचाळीस रात्री. लिहिणारा घाईत होता, सांगणारा श्याम घाईत नाही. प्रत्येक रात्री एक गोष्ट, मग दिवा मालवायचा. एका बैठकीत ते वाचलं की रडू येतं ते बेचाळीस वेळा एकाच जागी येतं, आणि शेवटी शेवटी त्याचा कंटाळाही येतो. लहानपणी आईच्या किंवा आजीच्या तोंडून रोज एक गोष्ट ऐकलेल्यांना असा कंटाळा आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

काही पुस्तकांना उलट पळणंच मानवतं. ‘मृत्युंजय’ त्यातलं. सावंतांचं वाक्य पाण्याच्या लोंढ्यासारखं येतं, विशेषणांवर विशेषणं, आणि वाचणारी त्यात वाहत जाते. एका रात्रीत शंभर पानं वाचलेल्या बायका मला माहीत आहेत, आणि त्यांनी ती खरोखर वाचलेली असतात. पण ज्या कारणानं ते पळतं त्याच कारणानं ते थांबू देत नाही. सहा जण आपापली कथा सांगतात, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण, आणि माझ्या कानाला सहाही आवाज एकाच गळ्यातून आल्यासारखे वाटतात. कुंतीनं, मूल पाण्यात सोडलेल्या बाईनं, दुर्योधनासारखं का बोलावं, असा प्रश्न वाचता वाचता पडत नाही, कारण तोवर आपण दहा पानं पुढे गेलेल्या असतो.

आता गंमत बघा. ज्या १९६७ साली ‘मृत्युंजय’ आलं त्याच साली इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. महाभारत तेच, कर्णही तोच. इरावतीबाईंच्या पुस्तकातही कर्णावर एक लेख आहे. पण तिथे कर्णाच्या बाजूनं ढोल वाजत नाहीत. तो कुठे लढला, कुठून निघून गेला, कुणाच्या ओझ्याखाली काय बोलून गेला, हे सगळं समोर मांडलेलं आहे, आणि त्याची कीव करायची की नाही हे आपल्यावर सोडलेलं आहे. ‘मृत्युंजय’ वाचून आपण कर्णासाठी रडतो. ‘युगान्त’ वाचून आपण का रडलो होतो ते तपासायला लागतो. जाडीनं निम्म्याहून कमी असलेलं हे पुस्तक सगळ्या यादीतल्यापेक्षा जास्त वेळ मागतं. गेल्या वर्षीच्या यादीत ते नव्हतं. त्याचं कारण माझ्या मते एवढंच, की ‘युगान्त’ वाचलं असं सांगून चालत नाही, पुढचा प्रश्न येतो.

‘आहे मनोहर तरी’ यादीत आलं याचा मला आनंद आहे. बाईचं एकुलतं एक पुस्तक, १९९० मध्ये आलं आणि घराघरांत गेलं. पण एका दिवसाचं बंधन घातलं की त्याचं काय होतं? सुनीताबाई सरळ जन्मापासून सांगत नाहीत, आठवणीतून आठवणीत जातात, मागेपुढे होतात. घाईतली वाचक अशा वेळी धागा शोधते आणि तिला हाताशी एकच धागा सापडतो : पु. ल. घरात कसे होते? मग ती तेवढ्याच जागा वेचून वाचते. पुलंनी आमच्या गावच्या कॉलेजात शिकवलेलं असल्यानं इथे ही उत्सुकता जरा जास्तच आहे. पुस्तक लिहिणाऱ्या बाईची स्वतःशी चाललेली कठोर उलटतपासणी बाजूला राहते आणि आपण तिच्याच पुस्तकात तिच्या नवऱ्याला शोधत फिरतो. सुनीताबाईंना हे आयुष्यभर सोसावं लागलं असेल, निदान पुस्तकात तरी नको.

जाड पुस्तकांच्या यादीवर उपाय म्हणून काही मैत्रिणींनी पातळ पुस्तकांची यादी सुचवली. तीही मला मान्य नाही. पातळ पुस्तक म्हणजे सोपं पुस्तक नव्हे. आमच्याच जिल्ह्यातल्या यमकनमर्डीत जन्मलेल्या कमल देसाईंचं ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’ हातात किती हलकं लागतं! दोन छोट्या कादंबऱ्या. आणि पानोपानी असं वाटतं की जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकला आणि पायरीच नव्हती. ते पुस्तक एकटीनं, एका संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी बोलायचं आहे या धास्तीनं वाचायचं नसतं. इंदिरा संतांचा कवितासंग्रह तर तासाभरात संपतो, संपवायचाच असेल तर. नवरा फार लवकर गेलेल्या या बाईनं बेळगावात नोकरी करत, मुलं वाढवत कविता लिहिली. तिच्या कवितेत दुःखाचं नाव क्वचित येतं, पाऊस येतो, अंगण येतं, दिवेलागण येते. तासात पन्नास कविता वाचणाऱ्या बाईला त्यात निसर्गवर्णन दिसेल. एकच कविता चार वेळा वाचणारीला अंगणात कोण नाही ते दिसेल.

म्हणजे जाडी हे माप नव्हे, पातळपणा हेही नव्हे. मग माप कुठून आणायचं? मला ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. स्वाध्यायाला आपण अंतरंग तपात धरतो, आणि तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणं, विचारणं, मनात घोळवणं, नीट उच्चारून पुन्हा पुन्हा म्हणणं आणि दुसऱ्याला सांगणं. आपला वाचन आठवडा या पाचांतल्या पहिल्यावरच सुरू होतो आणि तिथेच संपतो. खुद्द तत्त्वार्थसूत्राशी आपण कसं वागतो ते आठवा. दहा अध्याय एका बैठकीत म्हणता येतात, अनेकजणी म्हणतात, आणि तशा पठणाचं एका उपवासाइतकं फळ सांगितलेलं आहे. पण पर्युषणात प्रवचनाला तोच ग्रंथ रोज एक अध्याय असा चालतो, दहा दिवस, आणि तरी दरवर्षी वेळ अपुरा पडतो. एकाच ग्रंथाला दोन चाली आहेत आणि दोन्हींची जागा ठरलेली आहे. ज्यांनी ही व्यवस्था केली त्यांना वाचनाबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

आणखी एक. शास्त्र वाचलं जातं तेव्हा एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात, आणि ऐकणाऱ्यांना कुणी ‘तुम्ही वाचलं नाही’ म्हणत नाही. मग कथा-कादंबरीला हा न्याय का नको? बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्ण्यांनी भैरप्पांची ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’ ही पुस्तकं मराठीत आणली. त्यांचे पती कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि त्या ऐकून मराठी करत. कानानं झालेल्या त्या वाचनाला आख्खा महाराष्ट्र ऋणी आहे. आमच्या मंडळातल्या कन्नड शाळेतून आलेल्या बायकांना मराठी कानानं उत्तम कळतं, अगदी टोमण्यासकट. डोळ्यांनी वाचताना त्या अडखळतात. त्यांना सात पुस्तकं देणं म्हणजे पंगतीला बसवून पान न वाढणं.

यंदाची यादी मी या मापानं केली आहे. दर दिवशी साठ पानांच्या आत, त्यातला तासाभराचा मजकूर सभागृहात मोठ्यानं वाचायचा, उरलेला घरी. पहिले दोन दिवस ‘स्मृतिचित्रे’. सगळं नव्हे, चार भागांतला पहिला, जमेल तेवढा. लक्ष्मीबाई टिळकांचं हे लिहिणं मुळात बोलणंच आहे, ते मोठ्यानं वाचलं की पुस्तकाची इस्त्री जाऊन बाई समोर येऊन बसते. त्यातल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून सुरुवात करावी असा माझा आग्रह आहे. धान्यच काय, मीठ-साखरसुद्धा धुऊन घेणारा तो माणूस, आणि त्यापायी मेटाकुटीला आलेलं घर. आपल्या बायका आधी पोट धरून हसतील. मुनिमहाराजांच्या आहारासाठी जिनं कधी चौका लावला आहे ती मग जरा गप्प होईल. लक्ष्मीबाई कुणावर टीका करत नाहीत, फक्त काय काय धुतलं जायचं ते सांगतात. टीका ऐकणारीच्या मनात तयार होते. विनोदाची ही जात मराठीत मला दुसरीकडे फारशी भेटलेली नाही.

तिसऱ्या दिवशी विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या दोन कथा. १९३३ मध्ये टोपणनावानं आलेलं हे पुस्तक, आणि लिहिणारी कोण याचा त्या वेळी केवढा गदारोळ झाला! शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनातलं तिनं उघड लिहिलं. आता ते वाचताना भाषा थोडी जुनी वाटते, उसासे जास्त वाटतात. पण मुलीच्या पगारावर घर चालायला लागलं की तिच्या लग्नाची घाई कशी कमी होते, हा विषय काही जुना झालेला नाही. ज्या घरात सध्या तो चालू आहे त्या घरातल्या दोघी-तिघी आमच्या मंडळात आहेत. म्हणून इथे चर्चा नको, नुसतं वाचन.

चौथा दिवस ‘युगान्त’चा. ‘मृत्युंजय’ सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं आहे, तेव्हा कर्णावरचा लेख घरी, आणि ‘द्रौपदी’ सभागृहात. हा दिवस मी पृच्छनेसाठी ठेवला आहे. आपल्या दिगंबर परंपरेच्या हरिवंशपुराणात द्रौपदी एकट्या अर्जुनाची पत्नी आहे. इरावतीबाईंची द्रौपदी पाचांची आहे, आणि त्या लेखाचा सगळा भार त्या पाचांपैकी खरोखर तिचा कोण होता यावर आहे. लेखाच्या शेवटी त्या संशोधन बाजूला ठेवून तिचा शेवटचा प्रसंग स्वतःच्या कल्पनेनं रंगवतात, आणि ही माझी कल्पना आहे असं सांगूनच रंगवतात. हा प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे. आपल्या पुराणकारांनी तिला एक नवरा दिला, इरावतीबाईंनी तिला शेवटी एक माणूस दिला. या दोन्ही द्रौपदी शेजारी शेजारी ठेवून प्रवचन ऐकलेल्या बायका काय विचारतील, याची मला उत्सुकता आहे.

पाचव्या-सहाव्या दिवशी बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. यादी तपासायला दिली तेव्हा याच पुस्तकावर बोट ठेवलं गेलं. ‘चांगलं आहे, पण मंदिराच्या सभागृहात?’ आणि ‘बायकांना जड जाईल.’ ‘पानिपत’ जड गेलं नाही ते हे कसं जाईल? हे पुस्तक लहान आहे, बोलीत आहे, ऐकायला सरळ आहे. बेबीताईंचं दुकान होतं, आणि माल बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रं त्या गल्ल्यावर बसून वाचत असत. स्वतःचं लिहिलेलं मात्र वर्षानुवर्षं घरातल्यांपासून लपवून ठेवलं. दुकानदारी हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे अशा आपल्या घरांतल्या बायकांना गल्ल्यावर बसून वाचणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पुस्तकातलं फलटणही आपल्या ओळखीचं आहे. आपण तिथे मंदिरांच्या दर्शनाला जातो. त्याच गावात, त्याच काळात, देवळाच्या वाटेवर जिची सावलीही नको होती ती बाई काय बघत होती ते या पुस्तकात आहे. स्वतःच्या समाजातल्या सासवांनी सुनांचे केलेले हालही तिनं झाकलेले नाहीत.

जड जाईल ते हे. आणि जावं. आठव्या अध्यायात आपण उच्च आणि नीच गोत्रकर्म पाठ करतो, सहाव्या अध्यायात नीच गोत्राचं कारण दुसऱ्याची निंदा आणि स्वतःची प्रशंसा असं सांगितलेलं आहे, तेही पाठ करतो. हे पुस्तक ऐकल्यावर त्या दोन सूत्रांबद्दल एखादीनं पंडितजींना प्रश्न विचारला तर तो आगाऊपणा नाही, स्वाध्यायाचा दुसरा प्रकार आहे. यादीतून एखादं नाव कमी करायचंच झालं तर मी कर्ण कमी करीन, हे पुस्तक नाही.

एक नाव मी जड मनानं बाहेर ठेवलं : गुणकीर्तींचं ‘धर्मामृत’. पंधराव्या शतकाच्या सुमाराचं मराठी गद्य, आपल्याच एका साधूनं लिहिलेलं, सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं छापलेलं. मराठी भाषेचा गौरव करायचा तर त्याचा मान पहिला. पण जुनी भाषा शेजारी बसून समजावणारं कुणी हवं, आणि त्याला आठवडा पुरणार नाही. चातुर्मासात घेऊ. ‘पर्व’ आणि कमल देसाईही तिकडेच.

सातवा दिवस, २७ फेब्रुवारी, इंदिरा संतांच्या चार कवितांचा. चारच. प्रत्येक कविता दोघींनी वाचायची, एक मराठी शाळेतली आणि एक कन्नड शाळेतली. दुसरी अडखळली तर थांबायचं, शब्द कुणी पुढून पुरवायचा नाही. व्यासपीठ, हार आणि ‘किती पुस्तकं झाली’ हा तक्ता यंदा नाही. ‘मृत्युंजय’ची मागच्या वर्षी आणलेली प्रत कपाटात आहे, ज्यांचं अर्धं राहिलंय त्यांनी घेऊन जावी. परत करायची तारीख लिहिलेली नाही.